वानर आणि बाभूळ : खानदेशातल्या दोन जुन्या रहिवाशांविषयी

प्राण्याची तुलना झाडाशी कशाला करायची, हा प्रश्न हे पुस्तक चाळणाऱ्याला आधी पडेल, आणि तो रास्तच आहे. वानर शेजारी ठेवायचा तर माकडाच्या, बाभूळ ठेवायची तर खैराच्या किंवा हिवराच्या, ही अभ्यासाची रुळलेली वाट. त्या वाटेने गेलं की कूळ कळतं, कोण कुणाचा भाऊबंद ते ठरतं. पण ज्यांचं एकमेकांशी काहीच नातं नाही असे दोन जीव समोरासमोर आणले, तर त्यांच्यात जे सारखं निघेल ते रक्तातून आलेलं नसतं, ते जागेने दिलेलं असतं. या पुस्तकाला ती जागा समजून घ्यायची आहे. जागा म्हणजे जळगाव आणि धुळे, तापीच्या दोन्ही काठांवर पसरलेला खानदेश.

जोडी निवडताना दुर्मिळ काही घ्यायचं नाही असं ठरवलं होतं. मुक्ताईनगरच्या अंगाला वाघ आहे. त्याच्यावर लिहायला माणसं आहेत आणि वाचायलाही आहेत. वानर आणि बाभूळ मात्र इतके रोजचे आहेत की त्यांच्याकडे कुणी बघतच नाही. बांधावर बाभूळ असायचीच आणि देवळाच्या शिखरावर वानर बसायचाच. वानर दिसला की पोरं हाका मारतात आणि बायका वाळवणं आत घेतात. बाभूळ दिसली तर काहीच होत नाही. फार तर चप्पल घातली आहे ना, एवढं पाहिलं जातं. या दुर्लक्षामुळेच दोघांविषयी ठाम समजुती पुष्कळ झाल्या आणि माहिती थोडी राहिली.

आधी जागेविषयी. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर आणि मधून पश्चिमेकडे वाहणारी तापी. मध्य प्रदेशात मुलताईला उगम पावून ७२४ किलोमीटर अंतर तोडणारी ही नदी जळगाव जिल्ह्यातून महाराष्ट्रात शिरते. चांगदेवला तिला पूर्णा मिळते, पुढे वाघूर, गिरणा, अनेर, पांझरा येऊन मिळतात. नदीकाठची जमीन खोल आणि काळी, डोंगराकडे सरकावं तशी मुरमाड. पाऊस बेताचा. धुळ्याकडे तर पर्जन्यछायेची सावली गडद आहे. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा पंचेचाळिशीला टेकतो, याचं इथे कुणाला नवल वाटत नाही. जंगल उरलं आहे ते कडांना. यावल अभयारण्य १९६९ मध्ये झालं, क्षेत्र सुमारे १७८ चौरस किलोमीटर. शिरपूर तालुक्यातलं अनेर अभयारण्य १९८६ चं, सुमारे ८३ चौरस किलोमीटरचं. चाळीसगावच्या पाटणादेवीकडून गौताळा औट्रमघाट अभयारण्य सुरू होतं, तेही १९८६ चं. मधला सगळा पट्टा शेतीचा: कापूस, ज्वारी, हरभरा आणि रावेर-यावलची केळी. वानर आणि बाभूळ या दोघांचीही खासियत अशी की कडेच्या जंगलात ते आहेतच, पण मधल्या शेतीच्या पट्ट्यातही त्यांनी ठाण मांडलं. माणसाच्या शेजारी राहण्याची किंमत काय आणि फायदा काय, हे दोघांनीही आपापल्या परीने जोखलेलं आहे.

आता नावनिशी. इथला वानर म्हणजे हनुमान लंगूर. काळं तोंड, राखाडी-पांढुरकं अंग, शरीरापेक्षा लांब शेपूट. शास्त्रीय नाव सेम्नोपिथेकस एन्टेलस. १७९७ मध्ये द्युफ्रेन या फ्रेंच अभ्यासकाने त्याला हे नाव दिलं. एन्टेलस हा व्हर्जिलच्या महाकाव्यातला म्हातारा मुष्टियोद्धा. बाभळीला लिनियसने १७५३ मध्ये नाव दिलं त्यात नाईल नदी आली. म्हणजे आपल्या मारुतीच्या वारसाला रोमन महाकाव्यातल्या पहिलवानाचं नाव मिळालं आणि आपल्या बांधावरच्या झाडाला मिसरच्या नदीचं.

दोघांच्याही नावांची मोडतोड गेल्या पंचवीस वर्षांत झाली. भारतभरचे राखाडी लंगूर पूर्वी एकाच जातीत मोजले जात. कॉलिन ग्रोव्ह्ज या ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासकाने २००१ मध्ये त्यांच्या सात जाती केल्या. खानदेशचा वानर त्यांतल्या उत्तरेकडच्या मैदानी जातीचा. बाभळीचं प्रकरण याहून खटक्याचं. बाभूळ, खैर, हिवर आणि ऑस्ट्रेलियातल्या शेकडो जाती, ज्यांना तिथे ‘वॉटल’ म्हणतात आणि ज्यांतल्या एकीचं सोनेरी फूल त्या देशाचं राष्ट्रीय पुष्प आहे, ही सगळी मंडळी अकेशिया या एकाच प्रजातीत होती. पुढे लक्षात आलं की हे कुटुंब एक नाही, वाटण्या कराव्या लागतील. प्रश्न उरला तो जुनं नाव कुणाकडे जाणार याचा. नियमाने ते बाभळीकडे राहायला हवं होतं, कारण त्या प्रजातीची नमुना-जाती बाभूळच होती. पण ऑस्ट्रेलियात जाती जास्त, त्यांची नावं बदलायची म्हणजे घोळ मोठा. व्हिएन्नाच्या २००५ च्या वनस्पतिशास्त्र परिषदेत नाव ऑस्ट्रेलियाला दिलं गेलं आणि २०११ मध्ये मेलबर्नला त्यावर शिक्कामोर्तब झालं. बाभूळ आणि हिवर आता व्हॅचेलिया झाले, खैर सेनेगालिया झाला. शेतकऱ्याच्या दृष्टीने यात काहीच बदललं नाही. पण जुन्या पुस्तकांत अकेशिया म्हणून वाचलेली बाभूळ नव्या पुस्तकात सापडेना, तर त्यामागचं कारण हे.

नाव गेलं, त्याआधी झाडही गेलं होतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आपली बाभूळ ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये नेली गेली आणि सावली-चाऱ्यासाठी लावली गेली. तिथे शेळ्या-मेंढ्या-गुरांनी शेंगा खाल्ल्या, बी पसरलं आणि आज त्या राज्यातल्या लक्षावधी हेक्टर गवताळ रानावर तिचं काटेरी राज्य आहे. ऑस्ट्रेलियाने तिला राष्ट्रीय पातळीवरचं तण ठरवलं आहे. उलट दिशेने ऑस्ट्रेलियन अकेशिया सामाजिक वनीकरणात महाराष्ट्रभर लावले गेले. पानांसारखे दिसणारे चपटे देठ आणि पिवळ्या कणसांची फुलं असलेली ती झाडं आज रस्त्याकडेला आणि सरकारी आवारांत सर्रास दिसतात.

इथे आमच्या तुलनेतली पहिली गंमत लागते. वानर चालता-पळता, आणि बाभूळ जागेवर उभी, असं आपण धरून चालतो. वस्तुस्थिती उलटी आहे. वानराची टोळी आपल्या ठरावीक टापूतच फिरते. मादी जिथे जन्मते तिथेच आयुष्य काढते. वयात आलेले नर तेवढे बाहेर पडतात. वानर भारतीय उपखंड सोडून स्वतःहून कुठे गेला नाही. उभी बाभूळ मात्र आफ्रिका, अरबस्तान, भारत असा पसारा सांभाळून शिवाय समुद्रापार गेली. तिने पाय उसने घेतले, शेळीचे आणि माणसाचे.

वानराच्या बाबतीत नदीचाही विचार करावा लागतो आणि तो खानदेशात करण्यात वेगळी मौज आहे. भारतीय प्राणी सर्वेक्षणाचे संचालक राहिलेले मिठनलाल रूनवाल यांनी वानरांच्या शेपटीचा अभ्यास केला होता. उत्तरेकडचे वानर चालताना शेपूट पाठीवरून डोक्याच्या दिशेने कमानीसारखी धरतात, दक्षिणेकडचे मागे सोडतात. आणि या दोन तऱ्हांची ढोबळ सीमा तापी-गोदावरीच्या पट्ट्यातून जाते, असं त्यांनी मांडलं. लालतोंड्या माकडांचीही गोष्ट अशीच. आखूड शेपटीचं, तांबूस ढुंगणाचं ऱ्हिसस माकड उत्तरेचं आणि डोक्यावर केसांची टोपी असलेलं, लांब शेपटीचं बॉनेट माकड दक्षिणेचं; पश्चिम भारतात त्यांच्यातली जुनी सीमा तापी मानली गेली. ऱ्हिसस आता दक्षिणेकडे सरकत आहे आणि बॉनेटची जागा आक्रसत चालली आहे, हे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासाने दाखवलं. बाभळीला असली सीमा ठाऊक नाही. ती तापीच्या अलीकडे आहे तशीच पलीकडे आहे. चोपड्याच्या बाजूला उभं राहून पाहिली काय आणि अमळनेरच्या बाजूला पाहिली काय, बाभूळ ती बाभूळच. वानराची शेपूट मात्र जरा निरखून पाहावी.

दोघांची गाठ पडते ती पानावर. या पुस्तकाचा सर्वांत मोठा भाग त्यावरच आहे, म्हणून इथे थोडं थांबतो.

वानर हा पानं खाणारा प्राणी आहे. फळं, फुलं, कळ्या, बिया तो खातो, संधी मिळाली तर हरभऱ्याचे घाटेही ओरबाडतो, पण त्याचं शरीर घडलंय पानांसाठी. पोटाला कप्पे आहेत आणि पहिल्या कप्प्यांत जीवाणू पानांतला तंतू आंबवून फोडतात. गाईचंही असंच चालतं, फक्त वानर रवंथ करत नाही. माकडाला गालात पिशव्या असतात. ते ओंबी किंवा शेंगा गालांत कोंबून पळतं आणि झाडावर बसून निवांत खातं. वानराला ती सोय नाही. त्याला जागेवर बसून, चावून, गिळून मगच उठावं लागतं. शेतात आलेली टोळी हुसकावली तरी उठायला वेळ का लावते, याचं अर्धं उत्तर इथे आहे. खाऊन झालं की दुपारभर ती सावलीत बसून राहते. लोक म्हणतात आळशी आहेत. खरं म्हणजे त्या वेळी पोटात कारखाना चालू असतो.

बाभळीच्या बाजूने पाहिलं तर पान हा तिचा सगळ्यात महागाचा माल. तिच्या मुळांवरच्या गाठींत जीवाणू राहतात. ते हवेतला नत्र पकडून झाडाला देतात. त्यामुळे हलक्या, कसहीन जमिनीतही तिच्या पाल्यात प्रथिनं भरपूर. ज्या रानात चैत्रानंतर हिरवं काही शिल्लक राहत नाही तिथे असा पाला घेऊन उभं राहायचं म्हणजे राखण हवीच. तिने दोन पहारे बसवले. एक दिसणारा: पानाच्या बुडाशी जोडीने येणारे सरळ, पांढरट काटे. कोवळ्या झाडावर ते बोटभर लांब असतात. झाड मोठं झालं, फांद्या शेळीच्या तोंडापलीकडे गेल्या की काटे आखूड होत जातात, कुठे कुठे नाहीसेच होतात. विनाकारण खर्च ती करत नाही. दुसरा पहारा न दिसणारा, टॅनिनचा. टॅनिन प्रथिनाला चिकटतं आणि पचू देत नाही. सालीत त्याचं प्रमाण बारा ते वीस टक्क्यांपर्यंत भरतं. कातडी कमावणाऱ्यांनी हाच गुण उचलला. दक्षिण भारतात कातड्यासाठी तरवडाची साल, तर उत्तरेत बाभळीची, अशी जुनी विभागणी होती.

आता वानर बाभळीवर चढतो तेव्हा काय करतो ते जवळून पाहावं. मोठ्या फांदीच्या बेचक्यात तो बूड टेकतो. बारीक डहाळी एका हाताने हळूच स्वतःकडे ओढतो. त्याचा अंगठा आखूड असतो, म्हणून तो चिमटीत धरण्यापेक्षा चार बोटांच्या आकड्यात डहाळी अडकवतो. जून पाला सोडून टोकाकडची पोपटी पालवी तो निवडतो, कारण तिच्यात तंतू कमी आणि काटे अजून मऊ. थोडं खातो आणि दुसऱ्या झाडाकडे जातो: कडुनिंब, चिंच, उंबर, शिरीष. एकाच झाडावर दिवस काढत नाही. हे चंचलपण नव्हे, हा हिशेब आहे. प्रत्येक झाडाचं विष वेगळं, थोडं थोडं घेतलं तर पोटातले जीवाणू निभावून नेतात. बाभूळ आपलं पान पूर्ण वाचवू शकत नाही आणि वानर ते पूर्ण खाऊ शकत नाही. दोघांचं भांडण असं अर्ध्यावर मिटलेलं आहे.

वर्षाचा उतारा तपासला तरी दोघांची उलटसुलट चाल दिसते. पावसाळ्यात रान गच्च होतं, वानराला ददात नसते आणि तेव्हाच बाभूळ फुलते. पिवळेधमक गोळे, हरभऱ्यापेक्षा थोडे मोठे. एकेक गोळा म्हणजे एक फूल अशी आपली समजूत. प्रत्यक्षात त्यात अनेक इवली फुलं दाटीने असतात आणि दिसतात ते त्यांचे केवळ पुंकेसर. वास मंद, मधमाश्यांची वर्दळ दिवसभर. थंडी ओसरली की शेंगा भरू लागतात आणि उन्हाळ्यात पिकून गळतात. राखाडी, लव असलेल्या या शेंगा प्रत्येक बीपाशी फुगीर आणि दोन बियांमध्ये आवळलेल्या. गुराख्याची शेळी त्यासाठीच झाडाखाली घुटमळते. बीचं कवच इतकं कडक की साधं पेरलं तर उगवायला कुरकुरतं. शेळीच्या पोटातून जाऊन आलं की लवकर रुजतं. जुने शेतकरी वाड्यातल्या लेंड्यांमधलं बी वेचून बांधावर टाकत, ते याच अनुभवाने. कोवळ्या शेंगेतले दाणे चावून खाणाऱ्या वानराकडून ही सेवा होत नाही. बाभळीचा वाटसरू शेळी आहे, वानर पाहुणा आहे.

वानराची कठीण वेळ म्हणजे नेमका तोच उन्हाळा. पाण्यावाचून तो बराच काळ पाल्यातल्या ओलाव्यावर काढू शकतो. पण रान सुकलं की टोळी नाल्याकडे, विहिरीकडे, केळीच्या बागेकडे वळते. त्या दिवसांत टोळीत पिल्लंही पाहायला मिळतात. नवजात पिल्लू आईबापांच्या रंगाच्या बरोबर उलट: अंग गडद काळपट, तोंड फिकट गुलाबी. काही महिन्यांत अंग उजळतं आणि तोंड काळं पडतं. तोपर्यंत टोळीतल्या इतर माद्या ते पिल्लू मागून घेतात, कडेवर मिरवतात, आईला पोटभर चरायला वेळ मिळतो. याच टोळीत दुसरीही बाजू आहे. बाहेरचा हुप्प्या येऊन जुन्या नराला हुसकावतो, तेव्हा अंगावरची पिल्लं मारली जाण्याचे प्रकार घडतात. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला युकिमारू सुगियामा या जपानी अभ्यासकाने धारवाडजवळ ते नोंदवले. जोधपूरला मोहनोत यांनी नोंदवले. सारा ब्लाफर हर्डी यांनी अबूच्या वानरांवर १९७७ मध्ये पुस्तकच लिहिलं आणि त्यावर जगभर वाद झाला. मारुतीरायाच्या वारसाविषयी हे वाचताना खानदेशी वाचक चरकेल. पण ज्याला देव म्हणतो त्याला प्राणी म्हणूनही ओळखावं, एवढीच आमची विनंती.

आता मुख्य मुद्दा. वानराला खानदेशात मान आहे, उपयोग नाही. बाभळीचा उपयोग आहे, मान नाही.

वानराचा मान सांगायला नको. गावागावांत मारुती आहे आणि लंका जाळताना तोंड काळं झालं ही कथा लहान पोरालाही ठाऊक आहे. विजेच्या तारेला चिकटून वानर गेला तर गाव वर्गणी काढतं, वाजतगाजत अंत्ययात्रा निघते, दहावं-तेरावं होतं. महाराष्ट्रात कितीतरी गावांनी हे केलं आहे. हा मान रामायणापुरताही नाही. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात महाकपी जातक चितारलं आहे, आणि त्या लेण्यांच्या पायथ्याशी वाहणारी वाघूर पुढे जळगाव जिल्ह्यातूनच तापीला जाते. लेण्यांसमोरच्या कड्यावर आजही वानरांच्या टोळ्या असतात.

बाभळीच्या वाट्याला यातलं काही आलं नाही. वड, पिंपळ, उंबर, बेल, शमी, आपटा यांची पूजा होते. बाभळीला लोकांनी भुताखेतांचं झाड ठरवलं, आणि वाईट कर्माच्या फळासाठी दाखला द्यायचा तर तिचाच दिला. पण ज्या शेतकऱ्याने तो दाखला दिला त्याच्या हातातलं रुमणं बाभळीचं होतं. नांगर, वखर, पांभर, कोळपं, जू, गाडीच्या चाकाचा तुंबा आणि आरे, मोटेचं चाक, कुऱ्हाडीचा दांडा, खुंटे. घट्ट, जड, सहसा न फाटणारं लाकूड हवं तिथे बाभूळ. दात घासायला तिची काडी, बाळंतिणीच्या लाडूत डिंक, शेळीला पाला, चुलीला सरपण, शेताला काट्यांचं कुंपण. सुगरणीने खोपा टांगायला विहिरीवर झुकलेली बाभूळ निवडावी, कारण खाली पाणी आणि भोवती काटे. त्या खोप्यावर आसोद्याच्या बहिणाबाईंनी लिहिलं ते महाराष्ट्राला पाठ आहे. खोप्याला आधार देणाऱ्या झाडाची कुणाला आठवण नाही.

कायद्यातही हाच भेद उतरला, हे पाहून आश्चर्य वाटतं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वानराला संरक्षण दिलं. महाराष्ट्राचा वृक्षतोड नियमन कायदा १९६४ चा. त्याच्या अनुसूचीत साग, चंदन, मोह, चिंच, आंबा, अंजन आहेत. बाभळीचा भाऊबंद खैरही आहे. बाभूळ नाही.

मान आणि उपयोग हे दोन्ही आधार गेल्या चाळीसेक वर्षांत ढिले झाले. ट्रॅक्टर आला, लोखंडी अवजारं आली, गाडीला रबरी टायर आले, गॅस आला, दात घासायला प्लॅस्टिकचे ब्रश आले. बाभळीची एकेक गरज गळत गेली, आणि ज्याला फक्त गरजेने उभं ठेवलं होतं त्याच्या मागे उभं राहायला दुसरं काही उरलं नाही. बांध कोरून शेत सपाट केलं की आधी ती जाते. पिकावर सावली पडते, रानातलं पाणी ओढते, काटा टायरमध्ये घुसतो, ही कारणं खोटी नाहीत. पण नत्र, पाला, सावली, पाखरं यांची जमा त्या हिशेबात धरलेली नसते. महामार्गांच्या चौपदरीकरणात रस्त्याकडेची जुनी झाडं गेली. ती वानरांच्या ये-जा करण्याच्या वाटाही होत्या.

दुसरीकडे वानराचा मान पातळ होतो आहे. वानरांच्या उड्या वाड्याच्या माळवदाने पेलल्या, पत्र्याच्या आणि पीव्हीसीच्या छपराला त्या पेलत नाहीत. हरभरा, भाजीपाला, फळबाग यांत पैसा गुंतला की शनिवारी ज्याला नमस्कार केला त्याच्यावर रविवारी गोफण उचलावी लागते. त्यात श्रद्धेचाच एक प्रकार उलटा बसतो. देवस्थानांवर आणि घाटांत बिस्किटं, केळी, चणे टाकले जातात. पाल्यासाठी घडलेलं पोट त्याला सरावतं, टोळी रस्त्यावर बसू लागते, पिल्लं गाडीखाली येतात आणि माणसाच्या हातातली पिशवी ओढायला प्राणी धजतो. मग तोच माणूस वनखात्याकडे तक्रार घेऊन जातो. देव मानणं आणि त्याच्या जगण्याची वाट न मोडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली सोपी आहे म्हणून आपण तीच करत आलो.

यातून आम्ही काढलेला निष्कर्ष असा. साध्या, सर्वत्र दिसणाऱ्या जीवांना नुसत्या श्रद्धेचं छत्र पुरत नाही आणि नुसत्या उपयोगाचंही पुरत नाही. श्रद्धा नुकसान सोसायची एक मर्यादा आखते, त्यापुढे ती तुटते. उपयोग पर्यायी माल बाजारात येईपर्यंत टिकतो. तिसरा आधार लागतो तो ओळखीचा: हा जीव काय खातो, कधी फुलतो, कुणावर जगतो, त्याच्यामुळे आणखी कोण जगतं. वानर आणि बाभूळ शेजारी ठेवले नसते तर हे आम्हालाही इतकं स्वच्छ दिसलं नसतं. एकट्या वानरावर लिहिताना सगळा दोष शेतकऱ्याच्या कमी झालेल्या श्रद्धेवर जातो, एकट्या बाभळीवर लिहिताना ट्रॅक्टरवर.

पुस्तकाची मांडणी आता थोडक्यात. पहिला भाग वानराचा, दुसरा बाभळीचा, तिसरा दोघांच्या गाठीभेटींचा. बाभळीच्या भागात तिच्या नावावर खपणाऱ्या झाडांना मुद्दाम जागा दिली आहे, कारण गल्लत इथेच होते. वेडी बाभूळ, म्हणजे एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या बाजूने आलेली प्रोसोपिस, ही बाभूळ नव्हे: तिची फुलं लांबट कणसात येतात, शेंग पिवळसर, गरदार आणि बियांमध्ये न आवळलेली. देवबाभळीची फुलं पिवळे गोळेच, पण शेंग आखूड आणि जाड. हिवराची साल फिकट, फुलं दुधी रंगाची आणि मोठ्या झुबक्यांत. खैराचे काटे आखूड आणि हुकासारखे वाकलेले, फुलं कणसात. सरळसोट वाढणारी, बांधावर कमी सावली धरणारी रामकाठी मात्र बाभळीचाच प्रकार. ‘बाभळी माजल्या आहेत’ अशी तक्रार जिथे ऐकू येते तिथे बऱ्याचदा माजलेली असते ती वेडी बाभूळ, आणि तिच्याबरोबर कुऱ्हाड चालते ती खऱ्या बाभळीवरही. ही पाच झाडं ओळखता आली तरी पुस्तकाचं निम्मं काम झालं.

वाचकाकडून आमची अपेक्षा मोठी नाही. गावच्या टोळीची शेपूट कुठल्या बाजूला वळते ते पाहून ठेवा आणि तुम्ही तापीच्या कुठल्या काठावर आहात तेही लिहून ठेवा. वानर कुठल्या महिन्यात कुठल्या झाडावर दिसला याची टाचणं शाळेतल्या मुलांनाही ठेवता येतील. आपल्या शिवारात खरी बाभूळ किती आणि वेडी किती, हे एका सुट्टीत मोजून होतं. देवळापाशी वानराला खाऊ टाकण्याऐवजी गावाबाहेर उंबर, वड, चिंच लावा. रोपं आठ-दहा वर्षं जगवायची तयारी असेल तरच लावा. आणि बांध सपाट करताना एखादी रामकाठी आड येत असेल, तर तोडण्याआधी तिच्या जमेची बाजूही कागदावर मांडून पाहा. हिशेब करून तोडली तर आमची तक्रार नाही. आजवर ती बिनहिशेबी तुटली, एवढंच आमचं म्हणणं आहे.